बक्षीसपत्रात न घातलेली ओळ

आधी भाऊसाहेबांचं सांगते, मग बाकीचं. हातखंब्याजवळच्या ज्या वृद्धाश्रमात माझी आई आहे, तिथेच पुरुषांच्या बाजूला खिडकीजवळच्या खाटेवर ते असतात. जन्मभर तलाठ्याची नोकरी केली, म्हणून तिथे सगळे त्यांना अजून भाऊसाहेबच म्हणतात. ते नसते तर आज आई कुठे असती, कोण जाणे.

मी सातवीत शाळा सोडली. बाबा होडीवर, आई टोपली घेऊन दारोदार मासे विकायला. घराकडे कोण बघणार? आता गुजरातेत वेरावळला कोलंबी सोलायच्या कारखान्यात आहे. नवरा नाही. चौघीजणी एका खोलीत राहतो. आमच्याकडून रत्नागिरीला थेट गाडी आठवड्यातून एकदा, आणि रजा मागायची तर सुपरवायझरच्या तोंडाकडे बघूनच जीव अर्धा होतो.

बाबा गेले तेव्हा घर आणि होडी दादाच्या नावावर झाली. आमच्यात बहिणीने हक्क सोडायचा आणि भावाने तिला साडी नेसवायची, अशी रीत आहे. नाही सोडला तर माहेर तुटतं म्हणतात. मी सोडला. राहिली ती आरे-वारेच्या रस्त्याला कातळावरची आंब्याची बाग. ती बाबांनी पहिल्यापासून आईच्याच नावावर घेतलेली. होडीचं कर्ज थकलं आणि बँकेने जप्ती आणली, तर बाईमाणसाची बाग तरी वाचेल, हा त्यांचा हिशेब. आपल्याच मुलापासून ती वाचवावी लागेल, हे त्यांच्या डोक्यातही नसणार.

आई अंगणात पडली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण पाय धड टेकेना. वहिनीने आठ दिवस केलं आणि नवव्या दिवशी सांगितलं, "मी काय नर्स आहे?" दादाने आईला आश्रमात ठेवलं. अर्धे पैसे तो भरायचा, अर्धे मी पाठवायची. आई म्हणायची, "बरं आहे गो बाय, आमटी पातळ असते एवढंच." ते वर्ष बरं गेलं.

मग दादाचा फोन आला. "हे बघ, आईच्या नावावर बाग आहे हे आश्रमवाल्यांना कळलं ना, तर फी वाढवतील. उद्या थकली तर बागेवरच डोळा ठेवतील. त्यापेक्षा आईकडून मला बक्षीसपत्र करून घेऊ. घरातलं घरात राहील. तू संमतीची सही कर. तुलाही दोन लाख देतो."

मला ते खरं वाटलं. माझी सही कायद्याने लागतच नव्हती, पुढे कटकट नको म्हणून त्याला ती हवी होती, हे नंतर कळलं. पण दोन लाख ऐकल्यावर मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं. कानातलं करायचं, खोलीचं डिपॉझिट भरायचं, असं काय काय मी मनात मांडलंसुद्धा. दादाची जी घाण वाटते, त्यात माझा हा वाटा आहे, तो मी लपवत नाही.

चार दिवसांची रजा काढून गेले. नोंदणीला जायच्या दिवशी दादा सकाळीच आश्रमात आला. पांढरी गाडी, त्याची नव्हे. "मित्राची आहे," म्हणाला. मित्र पुढच्या सीटवर काच वर करून बसलेला. आईला वेणीफणी करून चाकाच्या खुर्चीत व्हरांड्यात आणली. दादाने माझ्या हातात पिशवी दिली. आईने वाकून आत बघितलं.

"पुन्हा साडी? आता हिला आणि काय सोडायचंय?"

"आई पण ना!" दादा हसला. हसताना त्याचं लक्ष गाडीकडे.

भाऊसाहेब तिथेच बाकावर बसले होते. त्यांनी हात पुढे केला. "कागद दाखवा हो जरा. जन्माची सवय, अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही."

नाही म्हणायला दादाला सुचलं नाही. भाऊसाहेबांनी ओळीखाली बोट धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "ह्यात आईला सांभाळण्याचं काहीच नाही."

"ते काय लिहायचं असतं? आई आहे ती."

"आई आहे म्हणूनच लिहायचं. एक ओळ. हयात आहे तोवर सांभाळीन, आश्रमाचा खर्च देईन, न दिल्यास बक्षीस रद्द. ही ओळ असली तर उद्या प्रांत अधिकाऱ्याकडे अर्ज घेऊन जाता येतं. नसली तर डोळे पुसत बसायचं."

"आजोबा, तुम्ही तुमचं बघा की."

"माझंच बघून सांगतोय, बाबा. दुसऱ्यांना अटी सांगण्यात जन्म गेला. माझ्या घराचं बक्षीसपत्र लिहायची वेळ आली, तेव्हा पोटच्या पोराला अट कशी घालायची, म्हणून लाज वाटली. मसुदा माझ्याच हातचा. वर्षाच्या आत इथली खाट मिळाली."

मी धीर करून बोलले. "दादा, घाल ना. एकच तर ओळ आहे."

"अट घातली तर घेणार कोण?" तो ओरडला.

घेणार तर तोच होता ना? तेवढ्यात गाडीचं दार उघडून मित्र आला. हातात आमच्या बागेचा नकाशा, गुंडाळी केलेला. "झालं का? अकराची वेळ आहे आपली."

आई म्हणाली, "हा कोण रे?"

"सांगितलं ना, मित्र."

"मित्र लोकांच्या बागेचे नकाशे घेऊन फिरतो?"

तो माणूस गोड हसला. "आजी, जागा काय मस्त आहे हो तुमची! अंथरुणातून समुद्र दिसेल. चार कॉटेज आरामात बसतात. थोडी कलमं काढावी लागतील, एवढंच."

बाबांनी कातळ फोडून, डोक्यावरून माती आणून लावलेली कलमं ती. आणि माझा भाऊ त्या माणसाकडे बघून मान हलवत होता, लाचार हसत होता. आश्रमातली बाई चहा घेऊन आली, तर त्याच्या बशीत बिस्किटं ठेवत होता. मी रोज कोलंबीच्या डोक्यांच्या ढिगात उभी असते. तो वास केसांतून जात नाही, पण मला कधी मळमळलं नाही. त्या दिवशी मळमळलं.

आई शिव्या देईल असं वाटलं होतं. अख्खा मासळीबाजार तिच्या तोंडाला भ्यायचा. पण ती दादाशी बोललीच नाही. मला म्हणाली, "बाय, मला आत ने. उन्हात बसवून ठेवलीत. अंगठा माझा आहे, तो साडीवर मिळत नाही."

मी पिशवी बाकावर ठेवली आणि खुर्ची वळवली. मागे बघितलं तर दादाने बाकावरची साडीची पिशवी उचलली आणि गाडीत टाकली. साडीसुद्धा परत नेली त्याने!

दुसऱ्या महिन्यापासून त्याने पैसे बंद केले. मी वेरावळला परत आलेली. मला मेसेज आला, "तुला एवढा पुळका आहे तर आईला तुझ्याकडे ने." चौघींच्या खोलीत कुठे नेऊ? संडास जिन्याखाली, आईला पायरी चढवत नाही. कारखान्यात उचल मागितली, मिळाली नाही. आश्रम चालवणाऱ्या बाईंनी एक महिना थांबून बघितलं, मग हळूच सांगितलं की पुढच्या एक तारखेपर्यंत काहीतरी करा. फोन वाजला की आधी नंबर आश्रमाचा तर नाही ना, ते बघायची.

एक तारखेला मीच फोन केला, रडतच. बाई म्हणाल्या, "अहो, भरले की भावाच्या वाट्याचे पैसे. दोन्ही महिन्यांचे." भाऊसाहेबांनी पेन्शनमधून भरले होते, आणि मला सांगू नका म्हणाले होते.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. राजापूरकडचा एक आंब्याचा व्यापारी त्यांच्या ओळखीचा. तो मोहोर बघून बाग एका हंगामापुरती खंडाने घेतो, म्हणजे आंबा त्याचा, झाडं आणि जमीन आपली. त्याला बाग दाखवली, कागद स्वतः लिहिला, पैसे थेट आईच्या खात्यात. वर्षाची फी त्यातून निघते. थोडंफार कमी पडतं ते मी पाठवते. बाग आईच्या नावावर आहे आणि आई तिच्या खाटेवर आहे. दादाचा फोन आला, "तो म्हातारा तुझा कोण लागतो गो?" मी फोन ठेवला.

मी भाऊसाहेबांना विचारलं, तुम्ही का नाही प्रांताकडे जात? म्हणाले, "कागदात अट नाही, पोरी. पण पोटगीचा अर्ज करता येतो. सगळं येतं मला. मुलाच्या समोर उभं राहायचं, तेवढंच येत नाही."

भाऊसाहेब, ते दोन महिन्यांचे पैसे मी फेडणार आहे, तुम्ही नको म्हणालात तरी. आणि ज्या दिवशी तुमचं मन होईल त्या दिवशी फक्त फोन करा. रजा मिळो न मिळो, मी येईन आणि प्रांतांच्या कचेरीत तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसेन.