खोटं मशीन

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर होती. खाली मसाले दळायचे. मिरचीचं पोतं फुटलं की वर आम्ही शिंकत बसायचो, आणि मालक धावत जाऊन कॉम्प्युटरच्या खोलीचं दार घट्ट लावून घ्यायचे. त्या खोलीत चपला बाहेर काढूनच जायचं. एसी फक्त तिथेच होता.

परदेशातल्या एका विमा कंपनीसाठी आम्ही प्रोग्राम लिहायचो. पण ते ज्या मोठ्या मशीनवर चालायचे होते, ते आमच्याकडे नव्हतंच. तसं मशीन वांद्र्याच्या एका ऑफिसात होतं आणि तिथे आम्हाला शनिवारी दुपारीच बसू द्यायचे. सोमवारी केलेली चूक शनिवारी कळायची.

शेवटी गिऱ्हाइकानेच फ्लॉप्यांचं एक पाकीट धाडलं. त्यातला प्रोग्राम चढवला की आमचा साधा पीसी त्या मोठ्या मशीनचं सोंग घेणार, आणि आमच्या प्रोग्रामना वाटणार, आपण खऱ्या मशीनवरच चालतोय. सोंग नीट वठलंय की नाही हे तपासणाऱ्या चाचण्याही सोबत होत्या. ऑफिसात त्याचं नाव पडलं खोटं मशीन.

मालकांनी ते काम मला दिलं. मी सगळ्यांत नवी होते. मला काम शिकवलं होतं ते मुलुंडहून येणाऱ्या आमच्या सीनियरनी. मी त्यांना सर म्हणायचे. पाकीट बघून ते म्हणाले, "कशाला वेळ घालवतेस? नकली ते नकलीच."

"चढवून तर बघते ना, सर."

पहिल्या तीन फ्लॉप्या सरळ चढल्या. चौथीला ड्राइव्ह नुसता करकरत राहिला. फ्लॉपी बाहेर काढून उजेडात धरली तर तबकडीवर पांढुरके ठिपके. बुरशी! पाकीट कस्टममध्ये पावसाळाभर पडून होतं, त्याचा प्रसाद.

"वाट लागली," सर म्हणाले. "दुसरी मागव. येईल दिवाळीपर्यंत."

दिवाळीपर्यंत थांबायची माझी तयारी नव्हती. स्टेशनजवळच्या केमिस्टकडून स्पिरिट आणि कापूस आणला. ब्लेडने फ्लॉपीचं काळं पाकीट एका कडेने कापलं, आतली तबकडी अलगद बाहेर काढली आणि दोन्ही बाजूंनी पुसली. मालक दारात उभे राहून बघत होते. "अगं, ती गेली तर?"

"आत्ता तरी कुठे जिवंत आहे?"

एका कोऱ्या फ्लॉपीचं पाकीट तसंच कापून त्यात ती तबकडी सरकवली आणि ड्राइव्हला लावली. तो एकदा अडखळला, पुन्हा अडखळला, आणि वाचायला लागला. मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही. उठले तर थांबेल असं वाटत होतं.

तरी खोटं मशीन उभं राहीना. मेमरी पुरत नाही म्हणून कुरकुरायचं. पीसी सुरू होताच आपोआप मेमरीत जाऊन बसणारे लहानसहान प्रोग्राम होते, ते मी एकेक करून काढले. घड्याळ गेलं, मालकांचं लाडकं कॅल्क्युलेटर गेलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण हो म्हणाले. मग खोटं मशीन सुरू झालं. बेरीज, वजाबाकी, फाइल वाचणं, सगळ्या चाचण्या पास!

आता खरा प्रोग्राम हवा होता. मी सरांचाच घेतला, कारण पूर्ण झालेला तेवढाच होता, आणि वांद्र्याच्या मशीनवर तो अजून चालवला नव्हता. निकाल कागदावर छापून बघितला. जिथे ग्राहकाला पैसे परत द्यायचे, तिथला वजाचा आकडा अधिक होऊन येत होता. शिवाय छापताना प्रत्येक पानाची शेवटची ओळ गायब.

सरांनी कागद पाहिला आणि हसले. "तुझं मशीन खोटं आहे ना? मग खोटंच बोलणार."

मी जागेवर जाऊन वजाबाकीच्या चाचण्या पुन्हा चालवल्या. पास. आकडे बदलून चालवल्या. पास. परत सरांसमोर गेले. "सर, मशीन बरोबर आहे. प्रोग्राममध्ये दोन चुका आहेत."

"दोन?"

"दोन."

त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, "शनिवारी बघू."

शनिवारी त्यांच्या स्कूटरवरून आम्ही वांद्र्याला गेलो. खऱ्या मशीनवर त्यांनी तोच प्रोग्राम चालवला. वजाचा आकडा तिथेही अधिक होऊन आला. ते मशीन वजाची खूण आकड्याच्या शेवटी ठेवायचं, सरांचा प्रोग्राम ती सुरुवातीला शोधत होता. शेवटची ओळ मात्र प्रत्येक पानावर व्यवस्थित होती.

"एक माझी," सर म्हणाले, "एक तुझ्या मशीनची."

माझं तोंड उतरलं. वजाबाकीच्या चाचण्या पास झाल्या म्हणून मी छपाईचीही हमी देऊन बसले होते, आणि छपाईची चाचणी त्या पाकिटात नव्हतीच.

"चहा घेऊ," ते म्हणाले. चहा पिताना त्यांनी बशीच्या कडेवर बोटाने दाखवत, पान कुठे संपतं हे मशीनला कसं कळतं ते मला समजावून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मी छपाईची चाचणी स्वतः लिहिली. तिच्यात खोट्या मशीनची चूक पकडली गेली आणि मालकांनी ती गिऱ्हाइकाला कळवली. सरांनी वजाची खूण दुरुस्त केली. मग दुसऱ्या प्रोग्रामची फ्लॉपी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "शनिवारची वाट नको बघूस. हा आत्ताच घाल त्याच्यात."