पावाच्या पिशवीतला अर्ज

आमच्या फिनलंडमधल्या छोट्या गावात नगरपालिकेच्या उद्योग सल्ला केंद्राची पायरी चढणं म्हणजे धंदा बुडाल्याची दवंडी पिटणं. म्हणून माझ्या शेजारच्या टेबलावरची सल्लागार रायली सव्वीस वर्षं पावाच्या पिशवीतून मदतीचे अर्ज घेऊन दुकानोदुकानी हिंडली. लोकांना वाटायचं, बाई पाव आणायला निघाली. गुडघे गेले, तरी हिंडली. यंदा वरून हुकूम आला: केंद्र बंद, आमच्या नोकऱ्याही बंद, यापुढे सगळी मदत संगणकावर. शहाणेच की नाही!

शेवटच्या दिवशी रायली खोकी भरत होती, तेवढ्यात बेकरीवाला ओस्मो भरदुपारी, सगळ्यांदेखत आत आला.

"वेड लागलं का तुला? लोक बघतायत."

"बघू देत." त्याने हातातली पावाची पिशवी तिच्यापुढे ठेवली.

आत पाव नव्हता. उतारवयातल्या बेकाराला कामावर घेतलं, की सरकार पगाराचा काही भाग मालकाला देतं. त्या मदतीचा अर्ज होता. कामगाराच्या नावापुढे लिहिलं होतं, रायली.

रायलीने अर्ज उचलला. मग तिने चष्मा लावला.

"तीन चुका आहेत," ती दमल्या आवाजात म्हणाली आणि पेनासाठी तिने बांधलेलं खोकं पुन्हा उघडलं.