पाचवी बाई

चांगले किस्से गोळा करायला गेलं की मिळत नाहीत. ते घरात पिशव्या साठतात तसे साठतात. आपण एक आणतो, तिच्यात दुसरी कोंबतो, आणि एक दिवस कपाटाचं दार उघडलं की सगळ्या अंगावर येतात! माझं तसंच झालंय. लोणावळ्यात एका चिक्कीच्या दुकानाच्या वर आमच्या संस्थेची खोली आहे. गावोगावच्या बायकांना धंद्यासाठी छोटी कर्जं द्यायची, एवढंच काम. तिथे मी बिनपगारी जाते. दहावी झालेल्या बाईला पगार कोण देणार म्हणा! पण ऐकायला इतकं मिळतं, की दिला तरी घ्यायची लाज वाटेल.

*

मी तिथे लागले कशी, ते आधी सांगते.

संस्था चालवणारे जोगळेकर सर आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. बँकेतून रिटायर झालेले. एकदा जिन्यात त्यांनी सहज विचारलं, "समोर ते नवीन केटरिंगवाले आलेत, माणसं कशी आहेत हो?"

मी म्हटलं, "बरी आहेत. नवरा तळेगावचा, बायको सोमाटण्याची. दोघांचं छान पटतं, फक्त रविवारी पटत नाही, कारण रविवारी तिची आई येते. गॅसवाल्याला थांबवून ठेवत नाहीत. मोठ्या मुलाला चष्मा लागलाय, पण तो लावत नाही."

सर पायरीवरच थांबले. "अहो, याला आम्ही फील्ड व्हेरिफिकेशन म्हणतो! माणूस पाठवूनसुद्धा यातलं अर्धं कळत नाही. तुम्ही या आमच्याकडे."

आमचे हे दारात पेपर वाचत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "घेऊन जा सर. पण संध्याकाळी परत आणून सोडा. बिल्डिंगला बातम्या कोण देणार?"

*

पहिलंच काम आलं ते कुरवंड्याच्या मंगलचं.

मंगल तुंगार्लीच्या बंगल्यांमधल्या चादरी धुते. शनिवार-रविवार पाहुणे लोळून जातात, सोमवारी गाठोडी कुरवंड्याला, शुक्रवारी पांढऱ्या घड्या परत. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून घर त्या चादरींवरच चाललेलं. उन्हाळ्यात काही प्रश्न नाही. पण आमच्याकडच्या पावसाळ्यात कपडा वाळणार कुठे? अख्खं गाव चुलीवर दोरी बांधतं. कपडे वाळतात, पण धुराचा वास घेऊनच खाली उतरतात. गावात त्याचं कुणाला काही नाही. बंगल्यात आहे.

मागच्या पावसाळ्यात मुंबईचे एक साहेब केअरटेकरला म्हणाले, "अरे, या चादरीला धुराचा वास येतोय!"

केअरटेकर तयारीचा. म्हणाला, "सर, तो व्हिलेज एक्सपीरियन्स आहे. बाकीकडे त्याचे जादा पडतात."

साहेबांनी जाताना रिव्ह्यू चांगला लिहिला म्हणे!

पुढचे पाहुणे मात्र इतके गुणी नव्हते. बंगल्यांच्या मॅनेजरने मंगलला बजावलं, "येत्या पावसाळ्यात एक जरी चादर धुरकट आली, तर सगळं काम मोठ्या लॉन्ड्रीला." म्हणून मंगलला कपडे वाळवायचं मशीन हवं होतं. गॅसवर चालणारं, बंद पडलेल्या एका हॉटेलातलं, जुनं. पावसाळ्याच्या आत.

*

कर्जाआधी आमच्याकडे घरभेट असते. मी आणि निखिल गेलो. निखिल हिंजवडीला आयटीत आहे, शनिवारी सेवेला येतो. मुलगा हुशार, पण नियमाचा पक्का. नियम असा, की कर्ज मागणाऱ्याच्या घरी काही खायचं-प्यायचं नाही.

मंगलने चहा आणला. निखिल म्हणाला, "नको, थँक्यू."

मंगलचे सासरे, आबा, खाटेवर बसले होते. त्यांनी निखिलकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "ताई, घर बघाय आल्याला पाव्हना च्याला न्हाई म्हनला, की आमी समजतो पोरगी पसंत न्हाई."

"तसं नाही आबा," मी म्हटलं, "आमचा नियम..."

"आमचा बी हाय."

निखिलने चहा घेतला. घाबरून दुसऱ्यांदाही घेतला! आम्ही निघालो तसे आबा म्हणाले, "तुमी आमचं घर बघितलंत. आता आमी तुमचं बघाय येनार."

निखिल म्हणाला, "आबा, आमचं कशाला? पैसे तर आम्ही देतोय."

"मंग? सून गुतनार हाय त्यात. लेकीला एक रीत आन सुनंला दुसरी व्हय?"

*

आणि आबा खरंच आले! बाजारच्या दिवशी, धुतलेलं धोतर नेसून, मागे मंगल. आल्या आल्या मोरीतला नळ सोडून बघितला. खिडकीतून खाली वाकून बघितलं. मग सरांच्या समोर बसले.

"मालक कोन?"

सर म्हणाले, "मालक कुणी नाही आबा. संस्था आहे."

"जागा सोताची?"

"भाड्याची."

"ह्या ताईंना पगार किती?"

"त्या सेवाभावी आहेत. पगार कुणालाच नाही."

आबांनी बोटांवर हिशेब केला. "मंजी घर भाड्याचं, मालक न्हाई, कमावतं बी कुनी न्हाई. बरं, च्या तरी करता का?"

चहा केला. आबा पिऊन उठले. मी दाराआड उभी राहिले, सवय. जिना उतरताना आबा मंगलला सांगत होते, "घर यथातथाच हाय. पन मानसं बरी वाटत्यात. करून टाकू."

*

आमच्याकडे एकटीला कर्ज मिळत नाही. पाच जणींचा गट लागतो. एकीने हप्ता थकवला तर बाकीच्या चौघींनी भरायचा, म्हणून एकमेकींच्या कर्जावर सह्या. मंगलसकट चौघी लगेच जमल्या. पाचवीसाठी मीच दोन-तीन नावं सुचवली.

मंगल म्हणाली, "न्हाई ताई. पाचवी हिरामावशी पायजे."

बाकीच्या बायका तिच्याकडे बघतच राहिल्या. हिरामावशी म्हणजे मंगलची शेजारीण. डोंगराच्या वाटेवर ट्रेकवाल्यांना आम्लेट विकतात. दोघींच्या घरांमध्ये हिरामावशींनी काट्यांचं कुंपण घातलेलं. मंगल म्हणते ते आमच्या वाटेत सरकवलंय, मावशी म्हणतात वाट आमचीच. त्या कुंपणामुळे मंगलच्या दाराला जायला उरलाय एक बोळ. मंगल लग्न होऊन आली त्याच्या पुढच्या साली भांडण झालं, तेव्हापासून दोघी एकमेकींशी चकार शब्द बोलत नाहीत.

"अगं, तीच का?" मी विचारलं. न विचारता राहीन कशी!

"बघा तुमी," मंगल म्हणाली.

मावशींनाही टपरीवर पत्रा टाकायला कर्ज हवंच होतं, आणि गावातल्या बाकी सगळ्या गटांशी भांडून झालं होतं. त्या आल्या. बैठकीला दोघी शेजारी बसल्या, पण बोलायच्या मला मध्ये घालून.

"ताई, तिला सांगा, सरकून बस."

"ताई, त्यांना सांगा, सतरंजी संस्थेची हाय."

मी मध्ये बसलेली नव्हते, समोर होते. तरी निरोप इकडून तिकडे द्यावा लागायचा. नाही दिला तर दोघी वाट बघत बसायच्या!

*

निखिलने सगळ्यांना धंदा शिकवायचा घाट घातला. लॅपटॉप उघडून विचारलं, "तुमचा कॉम्पिटिटर कोण? म्हणजे तुमचं गिऱ्हाईक कोण पळवतं?"

मावशींनी हात वर केला.

"श्रावन."

"तो कुठे बसतो?" निखिलने लिहून घेत विचारलं.

"बसतोय कुटं! म्हयनाभर सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. ट्रेकवाली पोरं मोप येत्यात, अंडं एक खात न्हाईत. नुसता च्या पित्यात आन माझ्या टपरीचा फोटो काढत्यात."

निखिलने श्रावण खोडला. मग परत लिहिला.

*

कर्ज मंजूर करायच्या आधी सर एकेकीला वेगळं बोलावून बाकीच्यांबद्दल विचारतात. मावशी आत गेल्या तेव्हा मी दाराआड. त्यांनी नाही म्हटलं, की मंगलचं मशीन गेलं.

सरांनी विचारलं, "मंगल कशी आहे?"

मावशी वाटच बघत होत्या. "वंगाळ! तोंडाची फाटकी. हट्टी. वीतभर जागंसाटी माझ्याशी इतकी वर्सं भांडतीया. ग्रामपंचायत झाली, तंटामुक्ती झाली, हिचं आपलं सुरूच. माझी कोंबडी तिच्या दारात गेली तर पीस मोजून परत धाडती."

सरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे कर्ज देऊ नये म्हणता?"

"आसं कवा म्हनले?" मावशी चिडल्या. "जी बाई वीतभर जागा सोडत न्हाई, ती तुमचा हप्ता सोडंल व्हय?"

सरांची बँकेत हयात गेली. म्हणाले, यापेक्षा चांगली शिफारस वाचलेली नाही.

*

मशीन आलं तेव्हा पावसाळा तोंडावर होता. टेंपो कुरवंड्यात थांबला, चार माणसांनी मशीन उतरवलं. निखिलने मंगलचं दार आधीच मोजून ठेवलं होतं. मशीनही मोजलं होतं. बोळ मोजायचा राहिला होता!

मशीन बोळाच्या तोंडाशी अडकलं. आडवं केलं, उभं केलं. टेंपोवाला म्हणाला, "मॅडम, हे जाणार नाही. परत नेलं तर हॉटेलवाला घेणार नाही."

आभाळ भरून आलेलं. मावशी आपल्या दारात बसून बघत होत्या. त्यांनी पहिल्यांदाच निखिलला हाक मारली. "ए पोरा. मशीन आसंच रस्त्यावर राह्यलं, तर हप्ता कोन भरनार?"

"मंगलताई."

"तिला न्हाई जमलं तर?"

"तुम्ही चौघी."

मावशी उठून घरात गेल्या आणि कोयता घेऊन बाहेर आल्या. टेंपोवाला जाऊन टेंपोत बसला!

मावशी सरळ कुंपणाकडे गेल्या. सटासट दोऱ्या तोडल्या, काट्या बाजूला ओढल्या. मशीन मावशींच्या अंगणातून डुलत डुलत मंगलच्या घरात गेलं.

"ताई, तिला सांगा," मावशी धापा टाकत म्हणाल्या, "मशीन आत गेलं, आता कुंपन जागच्या जागी लावनार!"

"ताई, त्यांना सांगा, लावा."

मी मंगलला कोपऱ्यात घेतलं. "काय गं, बोळ अरुंद आहे हे तुला माहीत नव्हतं?"

"इतकी वर्सं गाठुडं घिऊन आडवी हुन जातीया त्यातनं. ठावं नसंल व्हय?"

"मग आधी बोलली का नाहीस?"

"बोलले की! पाचवी कोन पायजे, ते तुमाला पयलंच सांगितलं न्हाई का?"

*

पावसाळा लागला. चादरी वासाशिवाय जायला लागल्या, बंगले मंगलकडेच राहिले. जुलैत बैठकीला मी कुरवंड्याला गेले, तेव्हा आठवडाभर पाऊस थांबला नव्हता. समोरचा डोंगर कुठे गेला ते कळत नव्हतं. कुंपण पुन्हा लावलेलं होतं, आधीपेक्षा घट्ट.

देवळाच्या सभामंडपात सगळ्या बसलेल्या. ओल्या छत्र्या, चिखलाचे पाय, आणि प्रत्येकीच्या अंगावर दमट कपडे, चुलीच्या धुराचा वास.

"ताई, तिला सांगा, सरकून बस," हिरामावशी म्हणाल्या, आणि वाट न बघता स्वतःच माझ्याकडे सरकल्या.

त्यांचं लुगडं माझ्या हाताला लागलं. कडकडीत कोरडं! पापडासारखं. मी जरा वाकून वास घेतला. धुराचा नव्हता. तुंगार्लीच्या बंगल्यात चादरीला येतो, तो साबणाचा.

"मावशी," मी म्हटलं, "लुगडं कुठे हो वाळवलंत?"

मंगल मान खाली घालून सतरंजीचे धागे ओढत होती. मावशींनी बाहेर कोसळणाऱ्या पावसाकडे बघितलं.

"कुटं मंजी? अंगनात. ऊन पडलं हुतं की सकाळी!"

मंगलने मान वर केली नाही.

"ताई," ती म्हणाली, "त्यांना सांगा, उद्या बी पडंल."