साखरपुड्याला होडीने

माझ्या एकुलत्या एका मुलाच्या साखरपुड्याचा मुहूर्त साडेबाराचा होता, आणि साडेबारा वाजता त्याचे आईवडील, आजी, अंगठी आणि होणाऱ्या सुनेची पैठणी हे सगळे एका बेटावर होते.

बेट म्हटल्यावर नारळाची झाडं डोळ्यांसमोर आणू नका. आमच्या भाईंदरच्या खाडीतला वाळूचा उंचवटा होता तो. झाड एकही नाही. बगळे चार.

मुलीकडचे लोक उत्तनचे. आमच्या घरापासून रिक्षाने अर्धा तास. पण शेजारच्या मेहताभाभी क्रूझवर जाऊन आल्यापासून लिफ्टमध्येसुद्धा समुद्राच्या गोष्टी सांगत होत्या. म्हटलं, आपण शिडाच्या होडीतून थेट विहीणबाईंच्या दारात उतरायचं! (ही कल्पना सर्वस्वी माझी. 'हे' तर बादलीतल्या पाण्यालाही बिचकतात.) मुलगा शहाणा. तो मित्रांबरोबर गाडीने पुढे गेला.

बस्त्याव नाखवांनी आपली जुनी शिडाची होडी हौसेने काढली. सकाळी आठला जेट्टीवरून निघालो. शीड फुगलं, माझी मान ताठ झाली. सासूबाई पैठणीची पिशवी छातीशी धरून रामरक्षा म्हणत होत्या. पाऊण तासात तो उंचवटा दिसला.

"नाखवा, थांबवा! बेटावर पोहे खाऊ आणि फोटो काढू."

"बाय, त्ये बेट न्हाय. पानी उतरतंय. थांबायचं न्हाय."

"दहाच मिनिटं!"

"नाखवा सांगतायत ना..." हे पुटपुटले.

"अहो, लांबच्या सागरी प्रवासात बेटावर थांबतातच!" मी म्हटलं. (एकूण प्रवास दोन तासांचा होता.)

उतरलो. पोहे खाल्ले. एक फोटो शिडाबरोबर, एक शिडाशिवाय, एक कपाळावर हात ठेवून क्षितिजाकडे बघतानाचा. माझा पदर नीट येईना म्हणून तोच पुन्हा तीनदा. दहा मिनिटांची चाळीस झाली. वळून बघते तर होडी एका कुशीवर कलंडून चिखलात निवांत झोपलेली!

"ढकला की!" मी म्हटलं.

ह्यांनी एक पाय चिखलात टाकला. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. बाहेर आला तो चपलेशिवाय.

"आता पानी येल तवाच निघायचं," नाखवा शांतपणे म्हणाले.

"कधी येईल?"

"तीन वाजतील."

सासूबाईंची रामरक्षा थांबली. त्यांनी माझ्याकडे फक्त बघितलं. बत्तीस वर्षांच्या संसारात त्या मला इतक्या कमी शब्दांत कधीच बोलल्या नव्हत्या.

साडेदहाला फोन वाजला. मुलगा!

"आई, कुठेयस? भटजी आलेत."

"बेटावर."

"कुठल्या?"

"आपल्या गच्चीसमोरच्या."

 त्याच्या मागून कुणीतरी विचारलेलं ऐकू आलं, "काय रे, ट्रॅफिक आहे का?"

गच्चीचा विषय निघाला म्हणून किनाऱ्याकडे वर बघितलं, तर आमची अर्धी सोसायटी कठड्याला टेकून उभी. हात हलवत होती. मीही हलवला. काय करणार? लगेच मेहताभाभींचा फोन. "अरे भाभी, आप वहाँ क्या कर रहे हो? सब लोग देख रहे हैं!"

"घूमने आए हैं," मी म्हटलं.

"इतनी देर?"

ऊन चढलं. छत्री एकच, ती सासूबाईंना. साडेबारा वाजले. तिकडे भटजी, इकडे बगळे. मला एकदम रडू फुटलं. पोराचा एवढा मोठा दिवस, आणि मी फोटो काढत बसले! ह्यांनी चिखलाचा हात पँटला पुसून माझ्या खांद्यावर ठेवला. "अगं, अंगठी आपल्याकडे आहे. आपल्याशिवाय ते करणार काय?" ह्यांच्या तोंडून इतका धीराचा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता. सासूबाईही म्हणाल्या, "ये, छत्रीत ये."

तीन वाजता पाणी आलं, होडी उठली. आम्ही जयघोष केला. पण भरतीचं पाणी खाडीत आत येत होतं आणि वारा पडला होता. त्यामुळे होडी उत्तनकडे न जाता आम्हाला घेऊन जिथून निघालो त्याच जेट्टीवर परत आली! आठ तासांचा सागरी प्रवास संपवून आम्ही निमूट रिक्षात बसलो.

भटजींनी पाचचा मुहूर्त काढून दिला. चिखलाचा काठ असलेल्या साडीत मी सुनेला कुंकू लावलं. पोरगी हसू दाबताना लालेलाल झाली होती. मग वाकून नमस्कार करताना हळूच म्हणाली, "आई, पुढच्या वेळी मलाही न्या." मी तिथेच तिच्या प्रेमात पडले.

सगळं गोड झालं. जेवणाच्या पंगतीत मुलीच्या आजीने मात्र कौतुकाने चौकशी केली, "विहीणबाई नोकरी करतात म्हणे. शाळेत ना? काय शिकवतात?"

मी घास हातातच धरून ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी जिलबीचा तुकडा मोडला आणि शांतपणे सांगितलं,

"भूगोल. त्यातही भरती-ओहोटीचा धडा फार छान घेतात."