झाडावर राहिलेला घड

सावद्याच्या शिवारात केळीची कटाई कुठं चालू आहे, हे विचारावं लागत नाही. शकील मुकादमांचा आवाज मळे ओलांडून येतो, ‘घड मातीला लागू देऊ नका!’ मातीला घासला की साल काळी पडते. मिसरूड फुटायच्या आधीपासून ते घड खांद्यावर झेलत आले. नाजूक काही जमिनीवर दिसलं की उचलायचं, मऊ जागी ठेवायचं, एवढंच त्यांच्या हातांना ठाऊक.

गिरधरनानांच्या मळ्यात तेच झालं. मुकादमांनी घडाच्या दांड्यावर विळा टेकवला आणि खालच्या वाळल्या पाल्यातून बारीक आवाज आला. पाला सारला, तर पट्टेवाली तीन पिल्लं! शकीलभाईंनी घड तसाच सोडला, पिल्लं उचलली, फोम घातलेल्या क्रेटमध्ये निजवली आणि ट्रकच्या सावलीत नेली.

“बिबट्याची आहेत!” त्यांचा पुतण्या हसनैन ओरडला. कटाई करणारे सगळे गोळा झाले.

नानांनी फोटो काढून वनरक्षक मोनालीताईंना पाठवला. मागे ग्रामपंचायतीत त्यांनी वनखात्याच्या सूचना समजावून सांगितल्या, तेव्हा शकीलभाई मागच्या रांगेत बसून मोठमोठ्यानं उद्याची कटाई ठरवत होते. ताईंचा फोन लगेच आला. नानांनी तो शकीलभाईंच्याच कानाला लावला.

“रानमांजराची पिल्लं आहेत. उचलली कुणी?”

“मी. जमिनीवर पडली होती, मॅडम.”

“पडली नव्हती, भाऊ. आईनं ठेवली होती. होती तिथंच परत ठेवा. दूध पाजू नका, माणसं लांब न्या. जागा चुकली तर तिला सापडणार नाहीत, आणि आईशिवाय ती जगणं अवघड. मी निघालेच. तोवर आवाज अजिबात नको.”

“आवाज नको म्हने!” नाना हसले. “शकील, आता तुह्यं कसं व्हईन रे?”

शकीलभाई क्रेट घेऊन मळ्यात धावले आणि थबकले. कापलेल्या रांगा सगळ्या सारख्या, पाला सगळीकडे सारखाच विस्कटलेला. नेमकं कुठं? क्रेटमधली पिल्लं कोकलत होती.

तेवढ्यात लांबून हसनैन विळा उगारून म्हणाला, “चाचा, एक घड रह गया! काटू?”

“हात मत लगा!”

मळा हादरला. रिकाम्या झाडांमध्ये तो एकच घड लोंबत होता, त्यांनीच सोडलेला. त्याच्याखाली, त्याच पाल्यात, पिल्लं परत गेली.

मग सगळे बांधामागं दबून बसले. ड्रायव्हर हॉर्न वाजवेल म्हणून शकीलभाईंनी ट्रकची चावीच काढून घेतली होती. उन्हं कलली. पाल्यात काही हललं. दोन टोकदार कान वर आले. मांजरीनं एक पिल्लू मानेला धरून नेलं. मग दुसरं. तिसऱ्यासाठी मात्र येईना. शकीलभाईंनी रुमालाचं टोक दातांत धरलं. नानांनी त्यांचा दंड गच्च पकडला.

आली!

तिसरं पिल्लू तोंडात घेऊन ती शेजारच्या उसात दिसेनाशी झाली. शकीलभाई दोन्ही हात हवेत उडवत, ओठ मिटून, जागच्या जागी नाचले.

मोटारसायकल लावून मोनालीताई घाईघाईनं आल्या. “काय झालं? आली का आई?”

शकीलभाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोला, मॅडम,” ते कुजबुजले. “जवळच आहे ती.”

ट्रक तो घड न घेताच गेला.