वहिनींनी टीम बुडवली तेव्हा

सहा आठवड्यांपूर्वी सकाळी दादाचा फोन आला, "निर्मला गेली रे." मी क्लिनिकला निघालो होतो. तसाच गाडीत बसून राहिलो... खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. मला ते जमणार नाही. वहिनींवर माझा राग होता, आणि तो त्यांच्याबरोबर गेलेला नाही.

वहिनी इथल्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवत. मी त्याच कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा डॉक्टर. अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं हे छोटं गाव हिवाळाभर त्या टीमवर जगतं. बेंचमागची माझी खुर्ची म्हणजे या गावानं मला दिलेला मान होता. एका सेमिस्टरला चार खेळाडूंच्या असाइनमेंट्स वहिनींच्या हातात आल्या, चारही एकाच माणसानं लिहिलेल्या. त्यांनी एकाला बोलावून विचारलं. तो सरळ म्हणाला, "मॅम, तुमचा क्लास कुठे भरतो तेसुद्धा मला माहीत नाही." सगळं कोचच्या ऑफिसातून लिहून येत होतं. वहिनींनी तक्रार केली.

मी तडक त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन ओरडलो, "वहिनी, चार असाइनमेंट्ससाठी अख्खी टीम बुडवणार?"

कणीक मळता मळताच त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं?"

मला कुणकुण होती. मी दार आपटून निघून आलो.

चौकशी झाली. कोच गेला, जिंकलेल्या मॅचेस रेकॉर्डमधून पुसल्या गेल्या, टूर्नामेंटची दारं बंद झाली. पुढच्या हिवाळ्यात माझ्या खुर्चीभोवती रिकाम्या रांगा होत्या. वहिनींच्या ड्राइव्हवेवर कुणीतरी कचऱ्याच्या पिशव्या ओतून गेलं. आपली माणसंही काही कमी नाहीत. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत वहिनी ताट घेऊन बसल्या आणि आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. एक काकू मोठ्यानं म्हणाल्या, "आपण इथे पाहुणे. नसती उठाठेव हवी कशाला?" मीही दुसऱ्या टेबलावर जाऊन बसलो. दादा माझ्याकडे बघत होता...

दोन वर्षांनी नवा कोच आला आणि आधी वहिनींच्या घरी गेला. क्लास बुडवला तर प्रॅक्टिस नाही, असा त्याचा नियम. शिकवायला त्याला वहिनीच हव्या होत्या. मंगळवारी आणि गुरुवारी त्या जिममागच्या खोलीत ती साडेसहा फुटी मुलं घेऊन बसत. मी काचेतून बघून पुढे जाई. टीम हळूहळू सावरली, पहिल्या बॅचची मुलं पदवी घेऊन बाहेर पडली, आणि गेल्या वर्षी आम्ही पुन्हा टूर्नामेंटला पोचलो. कोर्टवर फोटो काढला तेव्हा कॉलेजनं मला बोलावलं, वहिनींना नाही. एकानंही त्यांचं नाव काढलं नाही. मी हसत उभा राहिलो.

हॉस्पिटलमध्ये शेवटचं भेटलो तेव्हा त्यांनी विचारलं, "अजून रागावलाय?"

"हो."

"कुणावर?"

मी उठून सलाईनचा वेग तपासू लागलो.

कॉलेजनं अंत्यविधीला भलंमोठं पुष्पचक्र पाठवलं. मी ते उचलून दाराबाहेर ठेवलं.

परवा दादाकडे टीव्हीवर आमच्या टीमची बाहेरगावची मॅच बघत होतो. वहिनींना खेळातलं ओ की ठो कळत नसे. नवा मुलगा कोर्टवर उतरला की त्या एवढंच विचारायच्या, "हा पास होतोय ना?" एक उंच पोरगा आत आला. दादानं शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हा पास होतोय ना रे?"

मला माहीत नव्हतं.