अर्धी अर्धी शेड
टर्पेंटाइनचा वास आला की मला औंढ्याच्या रस्त्यावरची ती पत्र्याची शेड आठवते. घरात माणसाएवढा पुतळा उभा करायला जागा नव्हती, म्हणून दुकानांचे बोर्ड रंगवणाऱ्या एका चाचांबरोबर मी ती अर्धी अर्धी भाड्यानं घेतली होती. त्या दुपारी पत्रे नुसते तापले होते. मी खाली बसून पुतळ्याच्या पायांना माती लावत होते, तेवढ्यात आतली आधाराची सळई करकरली आणि ओल्या मातीचं ते धूड माझ्यावर झुकायला लागलं. मी दोन्ही हातांनी ते रेटून धरलं, पण टाचा घसरत होत्या. पलीकडून चाचांनी पाहिलं. हातातला ओला बोर्ड तसाच टाकून ते धावले आणि त्यांनी पुतळ्याला खांदा लावला. "सरक बेटा, निघ आधी!" "सोडलं तर पडंल चाचा, महिन्याचं काम हाय!" "पडू दे ना! माती परत मळू, तुझे हात कुठून आणू?" मी बाहेर निसटले, त्यांनीही मागं उडी घेतली आणि पुतळा धाडकन कोसळला. त्यांचा बोर्ड मातीत पालथा पडला होता. तिकडं न बघता ते माझी बोटं एकेक करून हलवून बघत होते. आता माझी स्वतःची मोठी शेड आहे, पण तिथं एकटीनं काम करायला मी अजून धजले नाही. निम्मी जागा एका चित्रकार मुलीला दिली आहे.